टाइम्ससोबत आलेला दुसरा पेपर

30 मे 2005 च्या सकाळी मुंबईत ज्यांच्या दारात टाइम्स ऑफ इंडिया पडला, त्यांना त्याच्या पोटात आणखी एक पेपर सापडला. आकाराने निम्मा, नाव मुंबई मिरर. टाइम्समध्ये पुरवण्यांची कमी कधीच नव्हती. बॉम्बे टाइम्स रोज यायची, बुधवारी नोकऱ्यांची असेंट, सोमवारी एज्युकेशन टाइम्स, शनिवारी घरांच्या जाहिरातींची प्रॉपर्टी. पण मिररची गोष्ट वेगळी होती. त्याला स्वतःचं मास्टहेड, म्हणजे डोक्यावरची नावाची पट्टी, होतं, स्वतःची संपादक होती, वार्ताहर आणि फोटोग्राफर होते आणि पहिल्या पानावर स्वतःची बातमी होती. थोडक्यात, तो पूर्ण दैनिक होता आणि टाइम्स घेणाऱ्याला फुकट मिळत होता.

पुढे साडेपंधरा वर्षांनी, 5 डिसेंबर 2020 ला, कंपनीने जाहीर केलं की मिररचं दैनिक रूप थांबतंय, आता तो साप्ताहिक होईल. पुणे मिररवरही त्याच निवेदनात पडदा पडला. तोपर्यंत मिररला स्वतःचा वाचक मिळाला होता. एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेने जाहीर चिंता व्यक्त केली, समाजमाध्यमांवर हळहळ झाली, आणि अनेकांनी लिहिलं की आम्ही टाइम्स बाजूला ठेवून आधी मिरर उघडायचो.

या प्रकरणात दोन कोडी आहेत. आपल्याच शहरात निर्विवाद पहिल्या क्रमांकावर असलेली कंपनी आपल्याच पेपरच्या शेजारी दुसरा पेपर काढून तो फुकट का वाटते? आणि तो लोकांना आवडू लागल्यावर बंद का करते? मला दोन्हींचं उत्तर एकच दिसतं. मिरर ढाल म्हणून काढला होता. समोर वार करणारं कोणी उरलं नाही, तेव्हा त्या ढालीचा खर्च डोळ्यांत येऊ लागला.

2005 चा पावसाळा

त्या वर्षी मुंबईच्या इंग्रजी वाचकाला अचानक फार भाव आला. तोवर सकाळचा इंग्रजी पेपर म्हणजे टाइम्स, हे जवळजवळ गृहीत होतं. 1838 मध्ये बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स म्हणून निघालेला, 1861 पासून टाइम्स ऑफ इंडिया झालेला आणि बोरीबंदर स्टेशनच्या समोर बसलेला हा पेपर. इंडियन एक्सप्रेस होता, फ्री प्रेस जर्नल होता, दुपारी मिड-डे होता. मिड-डे आणि बिझीबी या टोपणनावाने लिहिणाऱ्या संपादकाच्या आफ्टरनून या पेपरने टॅब्लॉइडची, म्हणजे निम्म्या आकाराच्या पेपरची, एक मुंबईकर चवही तयार केली होती. पण सकाळच्या जाहिरातींच्या पैशात टाइम्सला खरा वाटेकरी नव्हता.

मग दोन बाहेरचे पहिलवान आखाड्यात उतरले. दिल्लीचा हिंदुस्थान टाइम्स (एचटी) 14 जुलैला मुंबईत आला. झी आणि दैनिक भास्कर या दोन समूहांनी मिळून डीएनए हा पेपर काढला, तो 30 जुलैला. डीएनएने शहरभर होर्डिंग लावून आधीच हवा केली होती. त्याचे पहिले संपादक गौतम अधिकारी पूर्वी टाइम्समध्येच होते. टाइम्सचं जाहिरात खातं वर्षानुवर्षं सांभाळून तिथल्या धंद्याचा चेहरा बनलेले प्रदीप गुहा त्याच वर्षी टाइम्स सोडून झीमध्ये गेले. घरच्या तिजोरीची कुलपं कशी लागतात हे माहीत असलेली माणसं पलीकडच्या गोटात होती. टाइम्सने हे गंभीरपणे घेतलं नसतं तरच नवल.

तारखांचा क्रम पाहा: मे अखेरीस मिरर, जुलैच्या मध्यावर एचटी, जुलै अखेरीस डीएनए. प्रतिस्पर्धी दारात यायच्या आधी दार लावून घेतलं होतं. (मध्येच 26 जुलै आली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. एचटीला मुंबईत जेमतेम दोन आठवडे झाले होते, डीएनए चार दिवसांवर होता. नव्या पेपरला शहराची ओळख करून घ्यायला याहून कठीण परीक्षा कोणी काढली नसती.)

फुकट पेपर नेमकं काय अडवतो

पेपर विकत घेणाऱ्या घराचा हिशेब साधा असतो. इंग्रजी एक, मराठी किंवा गुजराती एक. काही घरांत आर्थिक वर्तमानपत्र. दुसरा इंग्रजी पेपर घ्यायचा तर त्याला कारण लागतं. डीएनए आणि एचटी यांना आशा होती की टाइम्स बंद झाला नाही तरी हरकत नाही, त्याच्या जोडीला आपण दुसरा पेपर म्हणून शिरू. पण दुसरा पेपर आधीच टाइम्सच्या पोटातून फुकट येऊ लागला होता. नव्या पेपरला आता तिसरा म्हणून शिरायचं होतं. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात, डबे भरता भरता, तिसरा इंग्रजी पेपर कोण वाचणार?

त्यात आकाराचा मुद्दा. विरार फास्टमध्ये पूर्ण पानाचा पेपर उघडणं म्हणजे शेजारच्याच्या चष्म्याला कोपर मारणं. चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले लोक पेपर चार घड्या घालून एकेक बातमी वाचतात. मिरर तिथे सुटसुटीत पडायचा. टाइम्स घरी राहायचा, मिरर बॅगेतून स्टेशनवर जायचा. एकाच घरातले दोन वाचक एकाच वेळी दोन पेपर वाचू शकायचे, आणि वाचकसंख्येच्या पाहणीत हे दोघे वेगळे मोजले जायचे. इंडियन रीडरशिप सर्व्हेच्या यादीत मुंबई मिरर देशातल्या पहिल्या दहा इंग्रजी दैनिकांत असायचा, डीएनएच्या शेजारी. एका शहरात, एका पेपरच्या सोबतीने जाणाऱ्या दैनिकाने ही जागा गाठावी, यातच या जोडव्यवहाराची ताकद दिसते. जाहिरातदाराला सांगता येतं: टाइम्समध्ये पान घ्या, मिररमध्ये जोडून घ्या. समोरच्याकडे जोडायला तेवढं काही नव्हतं. एचटीकडे एचटी कॅफे होती, डीएनएकडे आफ्टर अवर्स होती, पण त्या पुरवण्याच होत्या.

आणि रद्दी. पेपरच्या अर्थकारणावर लिहिणारे रद्दीला फारसं मोजत नाहीत, पण मध्यमवर्गीय घर मोजतं. टाइम्सची किंमत आधीच कमी होती. किंमत पाडून प्रतिस्पर्ध्याला दमवण्याचा या कंपनीचा जुना अनुभव होता. 1994 मध्ये दिल्लीत तिने हिंदुस्थान टाइम्सविरुद्ध तेच केलं होतं. कमी किमतीच्या पेपरला रोज एक जास्तीचा पेपर चिकटला, की महिनाअखेरीस रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन वाढतं. बिलातले काही पैसे परत येतात. वाचकाच्या बाजूने बघितलं तर मिरर फुकटच्याही खाली होता.

हे कायद्याने चालतं का?

चालतं, आणि त्याचं श्रेय, किंवा दोष, बऱ्याच अंशी पुण्याच्या एका पेपरला जातं.

केंद्र सरकारने 1956 मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा केला आणि 1960 मध्ये त्याखाली आदेश काढला. अमुक किमतीला आठवड्याला जास्तीत जास्त इतकी पानं, आणि पुरवण्यांवरही नियंत्रण. सरकारचं म्हणणं वरवर सालस होतं: मोठे पेपर जास्त पानं कमी किमतीला देतात, त्यामुळे लहान पेपर मरतात, म्हणून सगळ्यांना एका मापात बसवू. याविरुद्ध सकाळ सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या खटल्यात सकाळचे आकडे नोंदलेले आहेत आणि आज वाचताना मौज वाटते. आठवड्याच्या दिवसांत 52 हजार प्रती, रविवारी 56 हजार. पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, किंमत 7 नवे पैसे. रविवारचा अंक दहा पानी, 12 नवे पैसे. जागेपैकी सुमारे 40 टक्के जाहिराती. आदेश लागू झाला असता तर त्याच 7 पैशांना सहा दिवसांच्या 34 पानांऐवजी 24 पानंच देता आली असती. नाहीतर किंमत वाढवा.

25 सप्टेंबर 1961 ला न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. निकालपत्र न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर यांचं. गाभा असा: पानं कमी केली की मजकूर कमी होतो, किंमत वाढवली की वाचक कमी होतात, आणि दोन्हींमुळे विचार पोचवण्याचा हक्क आक्रसतो. धंद्यातली गैरस्पर्धा रोखण्याच्या नावाखाली भाषणस्वातंत्र्यावर हात टाकता येणार नाही. पुढे 1972 मध्ये सरकारच्या न्यूजप्रिंट (वृत्तपत्राचा कागद) धोरणातली दहा पानांची मर्यादाही न्यायालयाने उडवली, आणि तेव्हा याचिकाकर्ती होती बेनेट कोलमन, म्हणजे टाइम्सचीच कंपनी.

निकाल योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सरकारच्या हातात पानांची पट्टी दिली असती तर आणीबाणीत काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. पण सरकार त्या वेळी ज्या भीतीचं नाव घेत होतं ती भीती खोटी नव्हती. मोठा पेपर पानांचा आणि पुरवण्यांचा पूर आणून लहानाला बुडवू शकतो. सकाळ तेव्हा लहान होता आणि जास्त पानं स्वस्तात द्यायला त्याला मोकळीक हवी होती. चार दशकांनी त्याच मोकळिकीत मुंबईचा सर्वांत मोठा पेपर रोज एक अख्खं दैनिक फुकट जोडू शकला. स्पर्धा कायदा 2002 चा असला तरी वर्चस्वाच्या गैरवापराची त्याची कलमं 20 मे 2009 पासून लागू झाली. 2005 च्या लढाईत हे हत्यार नव्या पेपरांच्या हाती नव्हतं.

पहाटेचं काम

हा सगळा डाव शेवटी फुटपाथवर बसलेल्या माणसाच्या हातांवर उभा असतो. पहाटे चारच्या आसपास दादर, अंधेरी, बोरिवली, ठाणे अशा स्टेशनांबाहेर गठ्ठे उतरतात. मुख्य अंक उशिरा छापला जातो, कारण रात्रीच्या बातम्या त्यात घ्यायच्या असतात. पुरवण्या त्याआधी छापून तयार असतात. त्यांची भेट छापखान्यात होत नाही. ती फुटपाथवर होते. विक्रेता आणि त्याची पोरं मांडी घालून बसतात, डाव्या हाताने मुख्य अंक उघडायचा, उजव्या हाताने पुरवणी आत सरकवायची, पुढचा अंक. बॉम्बे टाइम्स आत, शनिवारी प्रॉपर्टी आत, एखाद्या बिल्डरचं गुळगुळीत पत्रक आत. पावसाळ्यात हे सगळं प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली. त्यानंतर सायकलवर किंवा पायी लाइन टाकायची, इमारतीमागून इमारत.

मिरर आल्यावर या बैठकीत रोज आणखी एक जाड घास वाढला. गठ्ठे वाढले, सायकलवरचं वजन वाढलं, दहाव्या मजल्यावर पोचवायच्या पिशवीचंही. विक्रेत्याला पैसे मिळतात ते अंकाच्या विक्रीवर. फुकट पेपरच्या विक्रीवर कमिशन कसलं द्यायचं? पुरवण्या घालण्याच्या मोबदल्यावरून विक्रेते आणि वृत्तपत्र कंपन्या यांच्यात कुरबुरी नेहमीच्या आहेत. आपण वाचक पुरवणी मनाजोगती नसली की सरळ रद्दीत टाकतो. ती आत घालायला कोणाची तरी पहाट गेलेली असते.

ढालीला जीव आला

डावपेच म्हणून काढलेले पेपर सहसा डावपेचासारखेच दिसतात: एजन्सीच्या बातम्या, सिनेमाचे फोटो, राशिभविष्य. मिररचं तसं झालं नाही, आणि त्यासाठी संपादक मीनल बघेल आणि त्यांच्या चमूला दाद द्यायला हवी. मुख्य पेपरला दिल्ली, संसद, बाजार, क्रिकेट असं सगळं पेलायचं असतं. मिररला फक्त मुंबई. महापालिकेतली टेंडरं, पोलीस ठाण्यातली गडबड, झाडं, शाळांची फी, सोसायटीतली भांडणं, नटनट्यांचे हेवेदावे. मोठ्या पेपरात सातव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात गेलेली गोष्ट इथे पहिल्या पानावर येऊ शकायची.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र घ्या. टाइम्सच्या इमारतीसमोर सीएसटी. स्टेशनवर गोळीबार झाल्याचं कळताच मिररचे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसोझा कॅमेरा घेऊन ऑफिसातून धावत सुटले आणि स्टेशनात शिरले. प्लॅटफॉर्मवर उभ्या गाडीच्या एका डब्यात शिरून त्यांनी फ्रेम धरायचा प्रयत्न केला. कोन जमेना, म्हणून पुढच्या डब्यात गेले आणि हल्लेखोर समोरून जायची वाट पाहत थांबले. एके-47 हातात घेऊन चालणाऱ्या कसाबचा तो फोटो जगभर छापला गेला. पुढे खटल्यात तो पुरावा ठरला आणि डिसोझा यांनी कोर्टात साक्ष दिली. नंतर ते गोव्यात जाऊन राहिले. या देशातल्या सर्वांत प्रसिद्ध वृत्तछायाचित्रांपैकी एक टाइम्ससोबत फुकट मिळणाऱ्या पेपरच्या माणसाने काढलेलं आहे.

दुसरं उदाहरण अगदी वेगळ्या टोकाचं. डॉ. महिंदर वत्स हे स्त्रीरोगतज्ज्ञ, फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनमध्ये लैंगिक शिक्षणाचं काम केलेले. 1960 च्या दशकापासून ते नियतकालिकांतून वैद्यकीय सल्ला देत होते. मिरर सुरू झाला तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, आणि तिथे ‘आस्क द सेक्सपर्ट’ हे सदर लिहू लागले. निनावी पत्रं, आणि त्यांवर एक-दोन वाक्यांची उत्तरं. कोरडी, नेमकी, कधी खट्याळ, पण विचारणाऱ्याची भीती कमी करणारी. ज्या घरात आजोबा, सून आणि दहावीतला मुलगा एकच पेपर फिरवून वाचतात त्या घरात हे सदर रोज जात होतं. त्यावर अश्लीलतेच्या तक्रारीही झाल्या. सदर थांबलं नाही.

हेच सदर टाइम्सच्या मुख्य अंकात चाललं असतं का? मला नाही वाटत. मुख्य अंकाला प्रतिष्ठेचं ओझं असतं. सोबत येणाऱ्या पेपरकडून कोणाची फार अपेक्षा नसते, म्हणून तिथे हात मोकळा राहतो. मराठीत हे आपल्याला ओळखीचं आहे: अग्रलेखात जे बसत नाही ते रविवारच्या पुरवणीत बसतं, आणि चांगले लेखक अनेकदा तिथूनच सापडतात. फरक एवढा की मिररने ही मोकळीक ललित लेखनासाठी कमी आणि बातमीसाठी जास्त वापरली.

कंपनीलाही मिररचं वजन कळलं होतं. ‘आय अॅम मुंबई’ ही त्याची जाहिरात मोहीम आठवत असेल. भोंगा हातात घेऊन आपलं गाऱ्हाणं ओरडून सांगणारे मुंबईकर त्यात होते. केवळ ढाल असती तर तिला असं रंगवण्यावर कोणी खर्च केला नसता. बंगळुरू, पुणे, अहमदाबाद इथेही मिरर निघाले.

शेजारची पुरवणी

मिररचं काय झालं ते समजायचं तर त्याच घडीत येणाऱ्या बॉम्बे टाइम्सकडे बघायला हवं. 1990 च्या दशकात आलेल्या या पुरवणीने शहराच्या बोलीत ‘पेज थ्री’ हा शब्द आणला. तिच्या तिसऱ्या पानावर पार्ट्यांचे फोटो यायचे. 2005 मध्ये या नावाचा हिंदी सिनेमा आला, यावरून तो शब्द किती रुजला होता ते कळेल.

2003 मध्ये टाइम्सने मीडियानेट सुरू केलं. म्हणजे काय, तर या रंगीत पुरवण्यांत एखाद्या ब्रँडला, सिनेमाला किंवा व्यक्तीला आपल्याबद्दलचा मजकूर छापून हवा असेल तर त्याचे पैसे कंपनीला द्यायचे. कंपनीचा युक्तिवाद असा की जनसंपर्क एजन्सीज पत्रकारांना भेटवस्तू आणि पाकिटं देऊन हेच करून घेतात. मग तो पैसा उघडपणे कंपनीतच का येऊ नये? युक्तिवादात तर्क आहे, पण चोरी थांबवायची म्हणून दुकानच थाटायचं, असा तो तर्क आहे. मास्टहेडखाली एक ओळ आली: अॅडव्हर्टोरियल, एंटरटेनमेंट प्रमोशनल फीचर. अक्षर बारीक. ती ओळ वाचून मग आतलं पान वाचणारा वाचक मला अजून भेटायचाय. आणि ओळ वाचली तरी कळत नाही की समोरच्या पाच मजकुरांतला पैसे घेऊन छापलेला कुठला आणि पत्रकाराने आपणहून लिहिलेला कुठला. लेबल पूर्ण पुरवणीला आहे, वैयक्तिक मजकुराला नाही. माझ्या मते यातली खरी गोम हीच.

2009 च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, गदारोळ झाला, तेव्हा प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, म्हणजे परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, 71 पानी अहवाल लिहिला. त्यात या वाटेचा माग मीडियानेटपर्यंत मागे जातो. कौन्सिलने 2010 मध्ये तो अहवाल आहे तसा प्रसिद्ध केला नाही, छोटी आवृत्ती काढली. पूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये लोकांसमोर आला. 2012 मध्ये न्यूयॉर्कर या अमेरिकी साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत टाइम्सच्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक विनीत जैन यांनी लपवाछपवी न करता सांगितलं की आपण वर्तमानपत्राच्या नव्हे, जाहिरातीच्या धंद्यात आहोत. उत्पन्नाचा 90 टक्के भाग जाहिरातीतून येत असेल तर दुसरं काय म्हणायचं.

हे वाक्य लोकांना उद्धट वाटलं. मला ते या प्रकरणाची किल्ली वाटते. या हिशेबात प्रत्येक पुरवणीला काम नेमून दिलेलं असतं. असेंट नोकरीच्या जाहिराती गोळा करते, प्रॉपर्टी बिल्डरांच्या. बॉम्बे टाइम्स तर मजकुराची जागाही विकते. मिररचं काम मात्र कमाईचं कमी आणि राखणीचं जास्त होतं. राखणीची किंमत समोर धोका असेपर्यंतच कळते.

धोका संपल्यावर

डीएनए थकला. ऑक्टोबर 2019 मध्ये त्याची मुंबईतली छापील आवृत्ती बंद झाली. एचटी राहिला, पण टाइम्सची झोप उडवणारा म्हणून नाही. 2005 ची लढाई चौदा वर्षांनी निकालात निघाली आणि टाइम्स जिंकला.

त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पात आयात न्यूजप्रिंटवर 10 टक्के सीमाशुल्क लागलं. फेब्रुवारी 2020 मध्ये ते 5 टक्क्यांवर आलं, पण तोवर कागदाचा हिशेब सगळ्याच वृत्तपत्रांत पानापानावर सुरू झाला होता. फुकट जाणाऱ्या पेपरचा कागद हा या हिशेबात पहिला डोळ्यांत भरणारा. मग मार्च 2020. टाळेबंदीत मुंबईत पेपर घरोघरी जाणंच थांबलं. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरपोच वाटपावर बंदीचा आदेश काढला, नंतर तो सैल केला, तरी मुंबईत लाइन पुन्हा सुरू व्हायला जून उजाडला. सोसायट्यांनी गेटवर अडवलं, अनेक घरांनी पेपर बंद केला तो कायमचा. जाहिराती आटल्या. डिसेंबरच्या निवेदनात कंपनीने साथीमुळे आलेली मंदी आणि आयात शुल्क ही दोन कारणं दिली, आणि ती खोटी नव्हती.

पण तीच कारणं बॉम्बे टाइम्सलाही लागू होती. कागद तिलाही लागतो, पार्ट्या आणि सिनेमे त्या वर्षी तिचेही बंद होते. कुऱ्हाड मिररच्या दैनिकावर पडली. साथ आली नसती तर तो आणखी काही वर्षं चालला असता, हे मान्य. डीएनए 2020 मध्ये जोरात असता तर साथीतही मिरर बंद झाला नसता, असंही मला तितक्याच खात्रीने वाटतं. आपल्या प्रतिस्पर्ध्याला कोण असा मोकळा रस्ता देतं?

एक पर्याय राहतोच: मिररला किंमत लावायची. लोकांना इतका आवडत होता, तर लोकांनी पैसे दिले असते का? सुट्टा मिरर स्टॉलवर विकत मिळायचा, पण त्याचा जीव घरपोच फुकट अंकात होता. दिल्लीत 2007 मध्ये टाइम्स आणि एचटी या दोन वैऱ्यांनी एकत्र येऊन मेट्रो नाऊ हा टॅब्लॉइड काढला होता. तो मोठ्या पेपरच्या पोटातून न जाता स्वतःच्या पायांवर उभा करायचा होता. 2009 च्या सुरुवातीलाच बंद पडला. हे उदाहरण व्यवस्थापनाच्या डोळ्यांसमोर नसेल असं नाही. शिवाय पंधरा वर्षं फुकट दिलेल्या वस्तूला किंमत लावली की वाचक आधी तिची तुलना मोबाइलवरच्या फुकट बातमीशी करतो. मिररला वाचक होते, ग्राहक जवळजवळ नव्हते. विक्रीचं उत्पन्न नसलेल्या पेपरची बाजू कंपनीच्या बैठकीत मांडायची तर जाहिरातदार हवेत, आणि 2020 मध्ये तेच नव्हते.

मिरर थांबल्याची घोषणा झाली त्याच महिन्यात, 28 डिसेंबर 2020 ला, डॉ. वत्स वारले, 96 व्या वर्षी. मिररमधले बरेच वार्ताहर इतर पेपरांत आणि संकेतस्थळांवर गेले. मिररचं साप्ताहिक निघालं, पण महापालिकेच्या स्थायी समितीत बुधवारी काय शिजलं ते रविवारी छापण्यात रोजची धार राहत नाही. टाइम्ससोबत बॉम्बे टाइम्स मात्र येत राहिली, मास्टहेडखालच्या ओळीसकट.